रसद

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. एकोणसाठ म्हणजे किती आणि एकोणसत्तर म्हणजे किती, यात मला अजूनही मनातल्या मनात इंग्रजी करून बघावं लागतं. त्यामुळे मराठी विभागात माझा लेख पाहून आमच्या फ्लोअरवरच्या मुली आधी हसणार हे मी गृहीतच धरलंय. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. कारण ज्या माणसाबद्दल लिहायचंय तो मला एका मराठी टोमण्यातून भेटला.

झालं असं की गेल्या वर्षी मी मेस कमिटीत होते आणि धान्य-किराण्याचा हिशेब माझ्याकडे होता. संक्रांतीची फीस्ट ठरली, गुळाच्या पोळ्या. हॉस्टेलच्या मुली दोनशे वीस. मी गणित अगदी व्यवस्थित केलं, माणशी पोळ्या किती, पोळीला कणीक किती, सगळं वहीत. फक्त दोन गोष्टी राहिल्या. एक, पाहुण्यांची कुपनं मी मोजलीच नव्हती. दुसरी, कोठीतली कणीक संपत आली होती आणि नवी पोती त्याच दिवशी सकाळी येणार या भरवशावर मी निवांत होते. पोती घेऊन निघालेला टेम्पो वाटेत बंद पडला. रात्री सव्वाआठला परात रिकामी झाली आणि रांगेत साठेक मुली उभ्या होत्या. त्यांनी खिचडी आणि लोणच्यावर संक्रांत साजरी केली. मावशींनी ती खिचडी कशी उभी केली ते त्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसच्या पांढऱ्या बोर्डावर, जिथे रोजचा मेनू लिहितात तिथे, कुणीतरी फार सुंदर अक्षरात माझ्या नावापुढे कंस करून लिहिलं होतं, गोविंदपंत बुंदेले.

खरं सांगते, मला वाटलं हा काहीतरी गोड पदार्थ आहे. बुंदी, बुंदेले! माझी रूममेट मेहकरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. ती पोट धरून हसली आणि मग तिने सांगितलं की पानिपतावर मराठ्यांना धान्य पोचवायचं काम ज्याच्याकडे होतं आणि ज्याने ते पोचवलं नाही, तो हा माणूस. मी तो शब्द बोर्डावरून पुसला नाही. पुसला असता तर आणखी लागला असता.

रात्री आजोबांना फोन लावला. आजोबांची सगळी नोकरी खामगावला जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली आणि इतिहास हा त्यांचा जीव की प्राण. त्यांचा निकाल तयारच होता. गोविंदपंतांनी सरकारचा पैसा खाल्ला आणि भाऊसाहेबांना उपाशी मारलं, बस! पुढे बोलायला जागाच नाही. उभ्या महाराष्ट्रातल्या निम्म्या आजोबांचं मत हेच असेल. मला मात्र त्या दिवशी आरोपीची बाजू ऐकायची होती, कारण आदल्या रात्री मीही आरोपीच होते. म्हणून प्रिपरेशन लीव्हमध्ये, म्हणजे जेव्हा थर्मोडायनॅमिक्स वाचायला हवं होतं तेव्हा, मी त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक वाचून काढलं. नंतर इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली छापलेला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड मिळवला. दुसरं निम्मंही कळलं नाही हे कबूल करते.

हा माणूस मुळात बुंदेलखंडाचा नव्हे. नाव गोविंद बल्लाळ खेर, रत्नागिरीकडच्या नेवरे गावचा. घरची परिस्थिती बेताची. त्या काळच्या कितीतरी कोकणी पोरांसारखा तोही घाट चढून पेशव्यांच्या आश्रयाला आला आणि हुशारीने वर चढला. तिकडे उत्तरेत बंगशाच्या फौजेने बुंदेलखंडाच्या छत्रसाल राजाला कोंडीत पकडलं होतं, तेव्हा पहिले बाजीराव त्याच्या मदतीला धावून गेले. हे १७२९ साल. पुढे १७३१ मध्ये छत्रसाल वारले, आणि त्यांनी मदतीची आठवण ठेवून राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावांना दिला. पण पुण्याहून इतक्या लांबचा मुलूख मिळणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. तो सांभाळायला जी माणसं पाठवली त्यांत गोविंदपंत खेर होते. त्यांनी सागरला ठाणं केलं, तिथे किल्ला बांधला, गाव वसवलं. काल्पी, जालौन या बाजूला हातपाय पसरले, यमुना-गंगेच्या मधल्या दुआबातही मराठ्यांचा वसूल गोळा करू लागले. इतकी वर्षं तिकडे काढली की लोक खेर विसरले आणि बुंदेले हेच आडनाव झालं. (आमच्या वर्गात एक मुलगा फर्स्ट इयरला पुण्याहून आला, त्याला आजही सगळे पुणेकर म्हणतात. खरं आडनाव हजेरीतच ऐकू येतं.)

त्यांचं पद कमाविसदाराचं. म्हणजे एखाद्या प्रदेशाचा सारा वसूल करायचा, शांतता राखायची, त्यासाठी स्वतः शिबंदी बाळगायची आणि ठरलेली रक्कम पुण्याला पोचवायची. गंमत म्हणजे नेमणूक होताना कमाविसदाराने सरकारला पुढच्या वसुलापोटी आगाऊ रक्कम भरायची असे, आणि त्या आगाऊ रकमेला पेशवाईच्या हिशेबात शब्द होता रसद. लष्कराला पोचवायचं धान्य-दाणावैरण तीही रसदच. एकच शब्द, पण दोन कामं. गोविंदपंतांनी आयुष्यभर पहिली रसद सांभाळली होती. म्हातारपणी त्यांच्याकडे दुसरी मागितली गेली. मला वाटतं, पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दात आहे.

आता १७६०. जानेवारीच्या १० तारखेला दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. ३ फेब्रुवारीला उदगीरला भाऊसाहेबांनी निजामाला हरवलं. विजयाचा गुलाल पुसायच्या आत उत्तरेची बातमी आली, आणि १४ मार्चला सदाशिवरावभाऊ मोठी फौज घेऊन पतदूरहून, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या आजच्या परतूरहून निघाले. नकाशा काढून बघा, परतूर आणि बऱ्हाणपूर जवळजवळ एकाच उभ्या रेषेत आहेत आणि ती रेषा आपल्या बुलडाणा शहराच्या अगदी जवळून जाते. शाळेत असताना पानिपत मला चंद्राइतकं लांब वाटायचं. ते असं अंगणातून गेलेलं आहे हे कळल्यावर जरा अंगावर काटा आला.

परतूर ते पानिपत सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटरच्या वर भरतं. बरोबर इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा, घोडे, हत्ती, बैल, बाजारबुणगे, आणि उत्तरेतली तीर्थं करायला मिळतील म्हणून निघालेली बायकामाणसं. लढणाऱ्यांपेक्षा खाणारे जास्त. इतक्या मोठ्या पसाऱ्याचा खर्च पुण्याहून येणार नव्हता. योजना अशी होती की उत्तरेतला मराठ्यांचा वसूल तिथेच जमा करायचा आणि त्यावर फौज चालवायची. म्हणजे वसूल करणारा जो तिथला मुख्य माणूस, तोच एकदम फौजेचा पुरवठादार झाला. आमच्या पुस्तकात याला सिंगल सोर्सिंग म्हणतात आणि त्यापुढे धोक्याची खूण असते.

राजवाड्यांच्या खंडात भाऊंनी गोविंदपंतांना पाठवलेली पत्रं आहेत. ती वाचताना फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकू यावं तसं होतं. रक्कम पाठवा. नावा जमवा, यमुनेवर पूल बांधायचा आहे. सुजाउद्दौला अब्दालीला मिळणार नाही असं बघा. दुआबात ठाणी राखा. मागची बाकी काय झाली? सुरुवातीला स्वर आर्जवी आहे, मग निकडीचा होतो, मग कडक. एका माणसाला एकाच वेळी बँकर, कंत्राटदार, वकील आणि सेनापती व्हायला सांगितलेलं दिसतं. आणि पावसाळा सुरू झाला. यमुनेला पूर आला, नदी ओलांडता आली नाही. जुलैत सुजा अब्दालीला जाऊन मिळाला. दुआबातली मराठ्यांची बरीच ठाणी हातची गेली, आणि जिथे ठाणं नाही तिथून वसूल कोण देतो? दिल्लीच्या सत्तेचं काय होतंय ते पाहू या, असं म्हणून जमीनदार हात आखडते घेऊन बसले.

इथे गोविंदपंत अगदी धुतल्या तांदळासारखे होते असंही मी म्हणणार नाही. पुण्याला त्यांच्या हिशेबांबद्दल संशय होता आणि थकबाकीचा तगादा १७६० च्या आधीपासून चालू होता. तीस वर्षं एकहाती कारभार, पुणं महिन्याभराच्या वाटेवर, वरून तपासणारा कुणी नाही. अशा जागी माणूस स्वतःचं घरही भरतोच. आजोबांचा अर्धा आरोप म्हणून मी कबूल करते. पण पैसे खाणारा आणि फौजेला मुद्दाम उपाशी मारणारा यांत फार अंतर आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, पण तिजोरी रिकामी. भाऊंनी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून नाणी पाडली तेव्हा काही दिवसांचा खर्च निघाला. चांदी वितळवता येते, धान्य वितळवून काढता येत नाही. १७ ऑक्टोबरला त्यांनी दिल्लीच्या उत्तरेचं कुंजपुरा घेतलं. तिथे अब्दालीसाठी साठवलेलं धान्य होतं, ते फौजेला मिळालं. मला हा प्रसंग वाचताना आमच्या मेसमधली सणानंतरची सकाळ आठवली. डबे भरलेले, सगळे खूश, आणि पुढच्या सोमवारचा विचार कुणाच्या डोक्यात नाही. आठ दिवसांत, २५ ऑक्टोबरला, अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. नोव्हेंबर लागताना दोन्ही फौजा पानिपताजवळ समोरासमोर खंदक खोदून बसल्या.

आता जरा इंजिनिअरसारखं बघू. छावणीतल्या माणसांचे आकडे वेगवेगळे इतिहासकार वेगवेगळे देतात. मी हिशेबाला सोपा जावा म्हणून एक लाख तोंडं धरते. माणशी रोज अर्धा किलो धान्य म्हणजे दिवसाला ५०० क्विंटल. एका बैलाच्या पाठीवर एक क्विंटल धरला तर रोज ५०० बैल छावणीत शिरायला हवेत. इटाव्यापासून पानिपत सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर. लादलेला बैल दिवसाला १५ किलोमीटर चालला तर जायला २४ दिवस, परत यायला २४ दिवस. म्हणजे रोज ५०० बैल पोचायचे असतील तर कायम २४,००० बैल रस्त्यावर हवेत! वाटेत त्यांना स्वतःलाही खायला लागणार. आणि घोडे मी अजून धरलेलेच नाहीत. चाळीस हजार घोडे, प्रत्येकी चार किलो दाणा, म्हणजे १,६०० क्विंटल, माणसांच्या तिपटीहून जास्त. आज तेवढंच माणसांचं धान्य दोन-तीन मोठे ट्रक एका रात्रीत इटाव्याहून पानिपतला टाकतील आणि ड्रायव्हर सकाळी धाब्यावर चहा पीत बसलेला असेल.

हे गणित मी मेसच्याच वहीच्या शेवटच्या पानावर केलं. ते झाल्यावर थोडा वेळ नुसती बसून राहिले. चोवीस हजार बैल, आणि तेही शत्रूच्या फौजेला वळसा घालून. हे एका म्हाताऱ्या कमाविसदाराने न जमवणं याला दगा म्हणायचं का?

आणि अब्दाली? तो तर घरापासून आणखी लांब. पण त्याला नजीबखान रोहिला होता. यमुनेपलीकडचा नजीबचा मुलूख अब्दालीचं कोठार होता आणि मधे फक्त नदी. फौज कितीही शूर असो, ज्याचं कोठार जवळ तो जास्त दिवस बसू शकतो. भाऊंना हे पक्कं कळलं होतं. म्हणूनच त्यांनी गोविंदपंतांना शेवटचं काम दिलं. आपल्याला धान्य पोचत नसेल तर निदान त्याचं तोडा. दुआबात शिरा आणि अब्दालीकडे येणारी रसद लुटा.

गोविंदपंत तेव्हा वयस्क होते, अंगाने जड, घोड्यावर बसणंही अवघड जाणारे. कारकुनी पेशाचा माणूस. तरी ते दहा-बारा हजार स्वार घेऊन दुआबात उतरले आणि वर मीरतच्या बाजूपर्यंत गेले. आणि काम केलं! अब्दालीच्या छावणीत धान्याचे भाव भडकले, बाजार ओस पडायला लागला. भाऊंच्या योजनेचा हा एकच भाग ठरल्याप्रमाणे चालला होता, आणि तो चालवणारा माणूस म्हणजे ज्याचं नाव आमच्या बोर्डावर टिंगल म्हणून लिहिलं गेलं तो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आजोबांनीही नाही.

पण भाव भडकले म्हणजे शत्रूच्याही लक्षात आलंच. अब्दालीने अताईखानाला निवडक स्वारांसह पाठवलं. ते रातोरात घोडी दामटत आले आणि गोविंदपंतांची छावणी बेसावध असताना तिच्यावर तुटून पडले. पंतांना निसटता आलं नाही. डिसेंबर १७६० च्या उत्तरार्धात ते मारले गेले आणि त्यांचं शिर कापून भाऊंच्या छावणीकडे पाठवण्यात आलं.

त्यानंतर अब्दालीकडे धान्य परत सुरळीत यायला लागलं आणि मराठ्यांचे उरलेसुरले रस्तेही बंद झाले. गोविंदपंतांनी मरायच्या आधी काही लाख रुपये दिल्लीला नारो शंकरांकडे पोचवले होते. त्यातली रक्कम घेऊन निघालेली एक तुकडी जानेवारीत रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि थेट अफगाणांच्या गोटात शिरली. यापेक्षा वाईट लास्ट माइल डिलिव्हरी मी तरी ऐकलेली नाही. पतियाळाच्या आलासिंगाकडून मधूनमधून धान्य येत होतं तेही पुढे थांबलं. जनावरं मरत होती, माणसं झाडपाला खात होती. शेवटी सरदारांनीच भाऊंना विनवलं की भुकेने मरण्यापेक्षा लढून मरू. १४ जानेवारी १७६१. त्या सकाळी फौज उपाशीपोटी लढाईला उभी राहिली. पुढचं तुम्हाला माहीत आहे, त्यावर मी वेगळं काय लिहू?

बातमीचीही एक गोष्ट सांगायला हवी. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे येत होते, पण वाटेत, २७ डिसेंबरला, पैठणला त्यांचं आणखी एक लग्न झालं. त्यांना पराभवाची बातमी भेलशाजवळ कळली तेव्हा लढाईला दहा दिवस झाले होते, आणि तीही एका सावकारी पत्रातून, ज्यात माणसांचा हिशेब मोत्या-मोहरांच्या भाषेत मांडलेला होता. आमच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात लिहिलंय की पुरवठा साखळीत माल वाहतो, पैसा वाहतो आणि माहिती वाहते. परीक्षेत दोन मार्कांना येतं. पानिपतात तिन्ही थांबले, आणि सगळ्या महाराष्ट्राने नाव धरलं एकाचं.

गोविंदपंतांच्या मुलांनी, बाळाजी आणि गंगाधर यांनी, पुढे सागर-काल्पीचा कारभार सांभाळला. सागर १८१८ साली इंग्रजांकडे गेलं. तिथे आज विद्यापीठ आहे, आणि पंतांच्या किल्ल्याशेजारचा तलावही.

हे सगळं इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये कशाला, असं विचाराल. तर त्याचं कारण घरगुती आहे. सातव्या सेमिस्टरला इलेक्टिव्ह निवडायचं आहे. बाबांचं म्हणणं, मेकॅनिकल घेतलीस ती घेतलीस, आता तरी कोडिंग शिकून आयटीत जा. मला ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन घ्यायचंय. बाबांना वाटतं की हे म्हणजे गोडाऊनमध्ये पोती मोजायची नोकरी. त्यांचं अगदीच चूक नाही. आपल्या सिनिअर्सपैकी जे या लाइनला गेले त्यांच्याशी मी बोलले. पहिली दोन वर्षं भिवंडी नाहीतर चाकणला, कुणी स्टोअर्समध्ये, कुणी परचेसमध्ये, कुणी प्रॉडक्शन प्लॅनिंगला. महिनाअखेरीला रात्रपाळी. ट्रक अडकला की फोन तुम्हाला, ट्रक वेळेवर आला की फोन कुणालाच नाही. पगार सुरुवातीला आयटीपेक्षा कमी. मुलींना अजूनही काही ठिकाणी इंटरव्ह्यूत विचारतात की रात्री वेअरहाऊसला थांबाल का.

पण दुसरी बाजूही आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला, तोपर्यंत कंपन्या करासाठी राज्याराज्यात छोटी गोदामं ठेवत. नंतर हिशेब बदलला, मोजकी पण मोठी गोदामं उभी राहिली, आणि कुठलं गोदाम कुठे हवं, किती साठा हवा, हे गणिताने ठरवणारी माणसं लागायला लागली. आपण ऑपरेशन्स रिसर्चमध्ये जो ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम पाठ करून पेपरात ओकतो, तो तिथे खराखुरा सोडवतात. पुढे शिकायचं तर पवईची नीटी आहे. १९६३ साली सुरू झालेली ही संस्था इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगसाठीच ओळखली जायची, २०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली. कॅट द्यावी लागते. ते नको असेल तर नोकरी करता करता सीपीआयएमसारख्या परीक्षा देता येतात. आणि समृद्धी महामार्ग तर आपल्याच मेहकर, सिंदखेडराजावरून गेलाय. नागपूरपासून शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईपर्यंत खुला झाला. जिथून भाऊंची फौज बैलांच्या चालीने गेली, त्याच टापूतून आता कंटेनर धावतात.

सरकारी वाटही आहे. भारतीय लष्करात रसदीचं काम करणारी आर्मी सर्व्हिस कोअर आपला स्थापना दिन ८ डिसेंबर मानते, साल १७६०! ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी रसदीचा स्वतंत्र अधिकारी नेमला तो दिवस. म्हणजे ज्या महिन्यात आमचे गोविंदपंत वसूल, नावा, धान्य, लढाई सगळं एकट्याच्या अंगावर घेऊन दुआबात मारले गेले, त्याच महिन्यात समुद्रापलीकडून आलेले लोक या कामाचं वेगळं खातं काढून बसले होते. हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत मोठ्याने काहीतरी बोलले आणि सरांनी माझ्याकडे बघितलं. १९९२ पासून या कोअरमध्ये मुलींनाही अधिकारी म्हणून घेतात. आणि आपलं अन्न महामंडळ, ज्याची गोदामं देशभर आहेत, ते सुरू झालं १४ जानेवारी १९६५ ला. कुणी तारीख बघून ठरवली नसणार. पण मला ती बघितल्याशिवाय राहवलं नाही.

आजोबांना मी बैलांचं गणित फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं की बैलाला एक क्विंटल का धरलास, सव्वा का नाही. खामगावच्या मार्केटला त्यांनी आयुष्यभर गाड्या मोजल्या आहेत, त्यांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं. सव्वा धरला तरी एकोणीस हजार दोनशे बैल होतात, मी सांगितलं. (एकोणीस जमतं मला!) त्यांनी गोविंदपंतांना माफ केलं असं नाही. थकबाकीचं काय, हे त्यांनी शेवटी विचारलंच. पण बाबांशी इलेक्टिव्हबद्दल मी बोलतो, असं मात्र म्हणाले.

या वर्षी मेस कमिटीने मला परत घेतलं. घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं हे खरं कारण. संक्रांतीच्या आठवडाभर आधी कोठीत दोन पोती जास्तीची होती, आटा दोन गिरण्यांतून मागवला होता, आणि कुपनं दुपारी चारला बंद केली होती. पोळ्या उरल्या. मावशी म्हणाल्या उरलं म्हणजे वाया गेलं, यावर आमचं थोडं वाजलं, कारण त्यांचंही बरोबर होतं. दीडेक पोतं पुढे दहा दिवस चाललं. बोर्डावर त्या दिवशी नेहमीसारखा फक्त मेनू लिहिलेला होता.